निळ्या धुराचं कारण

९ नोव्हेंबर, रविवार

चालू झाली एकदाची. सात वर्षांनी. आणि मिनिटभरात अख्खं पार्किंग दिसेनासं झालं.

आठवडाभर निरंजन तिच्या मागे लागलाय. टाकीतलं सडकं पेट्रोल उपसलं, कार्ब्युरेटर धुतला, प्लग नवा, बॅटरी नवी. लग्नाआधी घेतलेली मोटरसायकल. कंपनीची बस कोपऱ्यावर यायला लागली तेव्हा ती पार्किंगच्या खांबाशेजारी उभी राहिली, ती राहिलीच. आज किका मारून मारून हा घामाघूम झाला, मग ती खोकली, मग धूर. पांढरा, जाड, संपायला तयार नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी सुजित खिडकीतून – "वहिनी, डासांची फवारणी महापालिका करते हो. दादांनी कशाला त्रास घेतला?"

दहा मिनिटांत सगळे पुरुष खाली. पिंपळे गुरवात गाडी बिघडली की जमिनीतून जाणकार उगवतात. सुजित पेंट शॉपला. त्याच्या मते टाकीच्या आतला रंग जळतोय. लक्ष्मणराव स्टोअरमधून रिटायर झाले. त्यांनी धुराकडे बघितलंसुद्धा नाही. "पार्ट मिळणार नाही," म्हणाले आणि वर गेले. आमच्याच मजल्यावरचा एक जण सीटांच्या कंपनीत आहे, तो सीट दाबून गेला. या इमारतीत प्रत्येकाने जन्मभर मोटरसायकलचा एकेक अवयव बनवलाय. अख्खी मोटरसायकल कुणीच नाही.

निरंजन शांत. "ओलावा आहे. सायलेन्सरमध्ये पाणी धरलंय. तापली की जाईल."

वर आला तेव्हा चेहरा तजेलदार होता. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

१० नोव्हेंबर

ऑगस्टमध्ये व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे कंपनीने हातात दिली, आणि केकही दिला. चाकणच्या कारखान्यात हा इंजिनं तपासायचा – बनलेलं इंजिन समोर येणार, हा चालवून बघणार, पास की नापास सांगणार. आता तपासायला घरात मी आणि त्याची आई.

आम्ही दोघीही नापासच. स्वयंपाकघरात त्याने 'शिस्त' आणली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. जुनं पुढे, नवं मागे. सांडशी जिथे टांगायची तिथे भिंतीवर पेन्सिलीने सांडशीचं चित्र. सासूबाई म्हणाल्या, "माझं बी चित्र काढून ठेव रं पलंगावर. म्हंजे मला कुठं निजवायचं ते कळंल."

आता होसूरचा प्रश्न. तिथल्या एका कारखान्याला टेस्टिंगला अनुभवी माणूस हवाय. दोन वर्षांसाठी. राहायला खोली देतात. उत्तर एक डिसेंबरपर्यंत द्यायचंय. स्वरूपा बंगळुरात नोकरीला, होसूरपासून तासाभरावर; ती फोनवर नाचतेच आहे. "बाबा, दर रविवारी भेटू." सासूबाई जाणार नाहीत, त्यांना जिथे मराठीत भांडता येत नाही तिथे करमत नाही. त्या नाहीत म्हणजे मीही नाही. म्हणजे गेला तर हा एकटाच जाणार.

आज होसूरवाल्यांचा फोन आला तर म्हणाला, "हातात एक काम आहे, तेवढं मार्गी लागलं की सांगतो." त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, माणूस मोठ्या प्रोजेक्टवर आहे.

माझं मत विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. दर रविवारी साप्ताहिकात शहराला मतं पुरवते, घरी आणायला शिल्लक राहत नाहीत.

१२ नोव्हेंबर

पांढरा धूर गेला. नदीपर्यंत दोन चकरा मारल्या, गाडी तापली, पाणी उडून गेलं. म्हणाला होता तसंच. पाच मिनिटं मी नवऱ्याचा अभिमान बाळगला.

मग निळा सुरू झाला.

रात्री जेवताना वर्ग घेतला माझा. पांढरा म्हणजे पाणी. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा म्हणजे इंजिनचं तेल जळतंय, आणि हा सगळ्यात वाईट, कारण तेल जिथे जायला नको तिथे जातंय. कुठून, ते शोधायचं. म्हटलं, "अहो, जुनं तेल काढून नवं घाला की. रिक्षावालेसुद्धा आधी तेच करतात." (इथे निरंजन लिहिते, तोंडाने अहो. सासूबाईंचे कान चांगले आहेत.)

"नाही. बिघडलेलं इंजिन परत आलं की आधी काही बदलायचं नाही. जसं आलं तसं तपासायचं. तेल काढलं म्हणजे पुरावा गेला."

तेल बघितलं तेवढं. तेल मोजायची कांडी पुसून, घालून, बघून. बरोबर खुणेवर. रंगही स्वच्छ. "तेलाचा दोष नाही," म्हणाला आणि तो विषय संपला.

१४ नोव्हेंबर

फ्रिजवर मासा.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला माशाचा सांगाडा काढून चिकटवलाय. कंपनीत असंच करतात म्हणे – डोक्याशी दोष लिहायचा, एकेका काट्यावर शक्य ती कारणं. यंत्र. माल. पद्धत. माणूस. 'यंत्र'च्या काट्यावर ओळीने लिहिलंय: रिंगा, व्हॉल्व्हचे सील, एअर फिल्टर तेलाने ओला (का? – नंतर बघणे). 'माणूस'च्या काट्यावर: लागू नाही.

सासूबाई पाणी घ्यायला वॉकर टेकत आल्या आणि माशासमोर उभ्या राहिल्या. नवरात्रात पडल्यापासून गुडघा धरलाय, चार पावलांना चार मिनिटं, पण नजर पक्की.

"माळकऱ्याच्या घरात मासा कशाला काढलास रं?"

"आई, तो खायचा नाही. विचार करायचा आहे."

"मग वांगं काढायचं."

१६ नोव्हेंबर, रविवार

काळेवाडीहून अनिस आला. गॅरेजवाला, निरंजनहून वयाने मोठा, आणि बोलणं असं की माणसाला वाटावं आपणच नादुरुस्त आहोत. त्याने ॲक्सिलरेटर पिळला, मागच्या धुराला हात दाखवला, हाताचा वास घेतला.

"साहेब, रिंगा गेल्या. सात साल खडी गाडी, आत गंज धरला. इंजिन खोलायचं."

"रिंगा गेल्या असत्या तर ताकद गेली असती," निरंजन. "कॉम्प्रेशन चांगलं आहे. हे व्हॉल्व्हचे सील आहेत. रबर आहे, सुकलंय. बंद करून परत चालू केली की भपका येतो, बघितलंत ना?"

"भपका तो चालू असताना पण येतो."

"तो वेगळा."

"धूर एकच आहे साहेब, तुम्ही त्याला दोन नावं ठेवताय."

तासभर चाललं. अनिसनेही तेलाची कांडी बघितली. "तेल बरोबर आहे." त्याच्याकडे येणाऱ्या शंभर गाड्यांमध्ये शंभरांत तेल कमी असतं. बरोबर दिसलं की तो खूश होतो आणि पुढे जातो. शेवटी निरंजन मोठा साहेब असल्यामुळे सील बदलायचे ठरले, आणि अनिसला स्वतःची खात्री असल्यामुळे तो चहा न घेता गेला.

हे सगळं सदरात मस्त बसेल. पण निरंजनला वाचता येतं, हाच सगळा घोळ आहे.

१९ नोव्हेंबर

सील बदलले. धूर तसाच. कणभरही फरक नाही.

अनिसने काही म्हटलं नाही. ते जास्त लागलं याला.

२० नोव्हेंबर

जेवला नाही नीट. एवढंच म्हणाला, "चोवीस वर्षं, विजू. आवाजावरून सांगायचो आतलं काय बिघडलंय."

मी म्हटलं, "तेव्हा इंजिनं नवी होती."

बोलायला नको होतं. माझ्या जिभेला सुट्टी नसते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निरंजन अंबाजोगाईला, चुलतभावाकडचं लग्न. दोन दिवस. मी ठरवलंच होतं – ही रंगीत तालीम समजायची. होसूरला गेला तर हे असं असेल. घर शांत, टेबल माझं, कुणी मागून येऊन 'हा डबा इथे का' म्हणणार नाही. दोन सदरं एका बैठकीत होतील.

सकाळी सासूबाईंचं आवरलं, टेबलाशी बसले. एक ओळ झाली. खोडली. मग चहा करायला गेले आणि तिथेच डब्यांवरच्या त्याच्या चिठ्ठ्या वाचत उभी राहिले. 'तीळ – मागच्या संक्रांतीचे, आधी हे संपवणे.' 'हिंग – झाकण घट्ट!!' 'रवा – विजूला विचारणे.'

रव्यात काय विचारायचं होतं कुणास ठाऊक.

चहा उतू गेला. सदर झालं नाही. तालमीत काय शिकायचं असतं ते शिकले असं म्हणू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

ठरलं होतं: उद्या टेम्पोत घालून गाडी अनिसकडे. इंजिन उघडायचं, रिंगा बदलायच्या, आतून घासून घ्यायचं. निरंजनने हार मानली होती. माशावरच्या सगळ्या काट्यांवर फुल्या, उरलं एकच कारण, 'रिंगा'. उद्याची तयारी म्हणून संध्याकाळी पान्हे पुसत बसला होता. सासूबाई पलंगावर वाती वळत होत्या.

"उद्या नेणारच का गाडी?"

"हो आई."

"मग न्यायच्या आधी तेवढं अर्धी वाटी तेल घाल तिच्यात. यंदा दसऱ्याला राहिलं. गुडघ्यानं खाली उतरू देईना मला."

निरंजनचा हात थांबला. "कसलं तेल?"

"कसलं म्हंजे? गाडीचं. डब्यातलं. दर दसऱ्याला घालते की म्या."

"कुठे घालतेस?"

"तिच्या पोटात. ते काळं झाकण नाही का, कांडी असती बघ त्याला, ती फिरवून काढायची. तू कंपनीच्या पूजेला जायचास, ही स्वयंपाकात. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आन् अर्धी वाटी तेल. आमच्याकडं नांगराच्या फाळाला, विळ्या-कोयत्याला लावायचो तसं. लोखंडाला वरसातून एकदा तेल नगं? म्हणून तर धड राहिली गाडी, न्हाईतर सडली असती."

"दर वर्षी?"

"यंदा सोडून. डबा संपला की वॉचमनला सांगून आणायचे."

मी हसू दाबायला भांडी घासायला घेतली, आधीच घासलेली होती.

निरंजन खाली गेला. मी मागोमाग. गाडी सात वर्षं साइड स्टँडवर, डावीकडे कललेली – मेन स्टँड गंजून जाम झालाय आणि शेजारी सुजितची गाडी, जागाच नाही. याने मला म्हटलं, "धर." मी हँडल धरून गाडी सरळ उभी केली. त्याने कांडी पुसली, टेकवली, काढली. मोबाइलच्या उजेडात बघितली.

तेल खुणेच्या वर. खूप वर. कांडी जवळजवळ सगळीच ओली.

तेल भरायचं तोंड उजवीकडे. गाडी डावीकडे कलली की तेल त्या बाजूला पळतं, तोंडाशी कमी दिसतं, म्हणून कांडी रोज 'बरोबर' सांगत होती. जादा तेल आत घुसळून वर फेकलं जात होतं आणि जळत होतं. एअर फिल्टर त्यानेच भिजलेला. रिंगा ठीक. सीलही जुनेच ठीक होते.

"कंपनीत इंजिन नेहमी सरळच उभं असायचं," तो म्हणाला. "पट्ट्यावर. तेल आधीच्या स्टेशनला मोजून भरलेलं यायचं. मी कधी बघितलंच नाही कांडी सरळ आहे का."

मी या वेळी काही बोलले नाही. तारीख लक्षात ठेवावी.

२६ नोव्हेंबर

सगळं तेल काढलं, मापाने नवं भरलं, एअर फिल्टर बदलला. पहिला अर्धा तास सायलेन्सरमध्ये साचलेलं जळत राहिलं. मग कमी कमी. मोशीपर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा मागे काही नाही. नुसती हवा.

अनिसला फोन करून सांगितलं. पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज, मग, "साहेब, अम्मीला सांगा, माझ्या गॅरेजवर कामाला या."

आईला मात्र काय बोलला? "आई, तुझ्यामुळे टिकली गाडी." त्या म्हणाल्या, "मग? सांगत हुते मी."

मी ऐकत होते. याला असं खोटं बोलता येतं हे माहीत नव्हतं.

रात्री मासा फ्रिजवरून काढला. 'माणूस'च्या काट्यावर 'लागू नाही' खोडलेलं होतं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

सुजित म्हणाला, "दादा, आता सकाळी कळतच नाही तुम्ही कधी निघालात." ही या इमारतीतली सर्वोच्च पदवी.

माळ्यावरून मोठी बॅग काढली. झटकून गॅलरीत उन्हात ठेवली. मला म्हणाला, "गाडी झाली. आता त्यांना कळवायला पाहिजे. सोमवारी हो म्हणतो. तुझं काय म्हणणं?"

विचारलं. अखेर विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

तो म्हणाला, "बरं."

एवढं मोठं शहर वाचतं मला.

२८ नोव्हेंबर

सदर दिलं. विषय: कचऱ्याच्या गाड्यांवरची गाणी. संपादक खूश. म्हणे, तुमची लेखणी निर्भय आहे.

बॅग अजून उन्हात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी निरंजन सांगवीला केस कापायला गेला, चालत. नोकरीवर जायचं तर माणसासारखं दिसायला हवं म्हणाला.

उरलेल्या तेलाचा डबा गॅलरीतल्या कपाटात, त्याच्या शिस्तीप्रमाणे जुनं पुढे नवं मागे. मी नवं उचललं. स्वयंपाकघरातली वाटी घेतली. खाली कुणी नव्हतं. काळं झाकण घट्ट असतं, पदराने धरून फिरवावं लागतं. एक वाटी घातली. ती गेली कुठे कळेना म्हणून आणखी घातलं. झाकण लावलं. वर आले, हात साबणाने धुतले, वाटी चिंचेने.

सासूबाई जाग्या होत्या. तेलाचा वास येत असणार. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मी हे का केलं याचं उत्तर इथेसुद्धा लिहिणार नाही. मला माहीत आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी निळा धूर. चांगला दाट. सुजितने खिडकी लावून घेतल्याचा आवाज वरपर्यंत आला.

मी गॅलरीतून बघत होते. निरंजनने गाडी बंद केली. खाली बसला. मेन स्टँड त्याने परवाच घासून मोकळा केलाय. त्यावर गाडी सरळ उभी केली, कांडी काढली, पुसली, पुन्हा टेकवली, बघितली. मग उकिडवा बसून राहिला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, पोट दुखतंय.

वर आला. हातात कांडी तशीच.

"आई, तू परत तेल घातलंस का गाडीत?"

सासूबाईंचा पाय उशीवर. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. आठवडाभर त्या पलंगापासून संडासापर्यंत जातात तेवढंच, तेही माझा हात धरून. त्यांनी मुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भाजी निवडत होते, मेथीची जुडी दोनदा निवडून झाली होती.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "म्याच घातलं. दसऱ्याचं राहिलं हुतं न्हवं?"

"कधी?"

"काल. तू केस कापायला गेलतास तवा."

"तीन मजले उतरून?"

"देवाचं काम असलं की उतरता येतं."

निरंजनने गुडघ्यावरच्या पिशवीकडे बघितलं. बराच वेळ. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. कांडी कापडाने पुसली आणि खाली गेला.

सासूबाई मला म्हणाल्या, "मेथी धुवून घे आता. किती निवडायलीस."

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी गॅलरीत उभं राहून होसूरला फोन केला. "नाही जमणार. गाडीचं काम अजून आहे." मग खाली जाऊन जादा तेल काढलं, मापाच्या भांड्यात मोजलं, वर आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"पावणेदोन वाट्या होतं, विजू," म्हणाला. "अर्धी पुरली असती."